साध्या चार मात्रा

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्या माणसाला एकदा विचारून बघा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे कुठले रॉक बँड आवडतात. तो आधी नाक मुरडणार, मग दोन-तीनच नावं घेणार, आणि कोणालाही विचारा, ती नावं ठरलेली. ज्यांची गाणी लांबलचक, ज्यांत गिटारवाले अर्धा-अर्धा तास भरकटतात, ज्यांत बोटांवर मोजायला काहीतरी सापडतं, तेवढेच बँड त्याला चालतात. बाकीचे सगळे ट्रक ड्रायव्हरांचे. हे ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. पन्नाशी गाठली तरी फिरतं. कारण ही भांडणं मी एकोणीस वर्षांची असताना, तारनाक्याला, रेल्वे क्वार्टरच्या एका खोलीत उभी राहून केलेली आहेत.

तेव्हा आमच्या हैदराबादेत रोज काही ना काही नवीन येत होतं. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीवरून केबलच्या काळ्या वायरी झाडांना बांधत नेल्या होत्या, आबिड्सला परदेशी कॅसेटी उघड्यावर मिळायला लागल्या होत्या, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायचं होतं. माझा एक मावसभाऊ गेलाच. तो नेमका त्यांच्या दक्षिणेत जाऊन पडला, आणि तिथून कोणाच्या तरी बॅगेतून त्यानं मला एक नव्वद मिनिटांची कॅसेट पाठवली. तिकडे ज्याच्या घरी भाड्यानं राहत होता, त्या म्हाताऱ्याच्या रेकॉर्डींवरून भरलेली. वर चिठ्ठी: इथं सगळे हेच ऐकतात, तुला काय वाटतं कळव.

काय वाटणार? मी भेंडी चिरत होते. पहिल्या गाण्यात दोन गिटारी शेजारणी-शेजारणींसारख्या एकमेकींचं बोलणं तोडत बोलायला लागल्या आणि मी विळी बाजूला सारून नुसती बसून राहिले. आई म्हणाली, भाजी आज होणार आहे की उद्या? अंगावर काटा आला होता आणि हसू पण येत होतं. त्या महिन्यात ती कॅसेट मी इतकी वाजवली की बाबांनी टू-इन-वनचा आवाज कमी करायचा नियमच काढला. कमी आवाजात ते गाणं ऐकणं म्हणजे जेवणाचा नुसता वास घेणं. मला ते एकदा तरी मोठ्यानं ऐकायचं होतं, आणि तसं ऐकायची आमच्या ओळखीत एकच जागा होती.

ती तारनाक्याची खोली. माझा मोठा भाऊ दर रविवारी सकाळी स्कूटरवरून तिथं जायचा. रेल्वेत नकाशे काढणारे एक काका तिथं राहायचे, एकटेच. त्यांनी सागवानी फळ्यांचे, कमरेइतके उंच दोन स्पीकर स्वतः बनवलेले होते. काका, माझा भाऊ आणि पुण्याहून इंजिनिअरिंगला आलेला एक मुलगा, असे तिघं तिथं प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत. वीस-वीस मिनिटांचं एक गाणं, त्यात ऑर्गन, राजवाडे, ग्रहतारे, काय की! पण खरी गंमत पुढे. काका लहानपणी तबला शिकलेले. त्यामुळे ही मंडळी ते इंग्लंडचं संगीत गाण्याच्या बैठकीसारखं ऐकायची. सतरंजीवर मांडी घालून, उजव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजत. सात आल्या की रूपक, दहा आल्या की झपताल. समेवर तिघांच्या माना एकदम हलायच्या. जितक्या आडव्या मात्रा, तितकं गाणं थोर. साध्या चार मात्रांचं गाणं लागलं की काका बटण दाबून बंद करत. त्या कॅसेट डेकला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा.

मला त्या सतरंजीवर जागा पाहिजे होती. भाऊ म्हणाला, नक्को, माझी लाज काढशील. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशी त्याच्या शर्टांना इस्त्री करायचं सोडून दिलं. चौथ्या दिवशी त्यानं नियम सांगितला: नवीन माणसानं आपली एक कॅसेट आणायची, तिघांनी ऐकायची, दोघांनी हौ, म्हणजे आमच्याकडचं हो, म्हटलं तर जागा पक्की, नाहीतर परत यायचं नाव काढायचं नाही.

गेले. पायातल्या चपला काढल्या आणि चेहरा घट्ट ठेवला. काकांनी कौतुकानं पाणी दिलं. पुणेकरानं कॅसेटवरचं लिखाण वाचलं आणि अगदी शुद्ध मराठीत विचारलं की हे ते ढाब्यावरचं संगीत ना? भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. काकांनी कॅसेट लावली.

आणि तो आवाज! बास गिटारचा दणका माझ्या तळपायातून वर आला. महिनाभर मी ज्या गाण्याचा नुसता वास घेत होते ते आत्ता छातीवर येऊन आदळत होतं. मला नाचावंसं वाटलं, खरं सांगते. तेवढ्यात काकांची बोटं थांबली. परत पहिल्यापासून सुरू झाली. मग ते पुढे सरकून बसले, डोळे मोठे झाले.

"अकरा," ते म्हणाले. "अरे, अकरा मात्रा आहेत. हा तर रुद्रताल."

पुणेकराला पटेना. तो मोजायला लागला, भाऊही मोजायला लागला, आणि तिघांच्या बोटांवर खरोखर अकराच आल्या. मी त्या गाण्याच्या मात्रा कधी मोजल्याच नव्हत्या, मला ठाऊकच नव्हतं. खोलीत नुसता आनंद. मध्येच कुठे अकराच्या जागी सहा होतात, परत कुठे जुळतात, यावर वाद पेटला. पुणेकर म्हणाला की दक्षिणवाल्यांतला हा एक बँड मान्य करायला हरकत नाही. भाऊ असा बघत होता, जणू मला त्यानंच शिकवून आणलं होतं. काकांनी सांगून टाकलं, जागा पक्की.

मला जागा मिळाली होती. मी उड्या मारायला पाहिजे होत्या. पण झालं काय, तो गाणारा माणूस आतडी पिळवटून गात होता आणि हे तिघं नऊ, दहा, अकरा करत होते. सगळं गाणं संपलं आणि एकानंही ते ऐकलं नाही. माझं रक्तच उसळलं. मी म्हणाले, काका, दुसरी बाजू लावा. भावानं मला डोळ्यांनी दटावलं.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं माझं सगळ्यात लाडकं. साधं, सरळ, घरी परत जायला निघालेल्या माणसाचं. काचेची नळी बोटात घालून वाजवलेली गिटार, आणि साध्या चार मात्रा. अर्ध्या मिनिटात काकांनी ते बंद केलं. रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाले की अगं हे चारच आहे, झालेलं काम कशाला बिघडवतेस. तेच मला जास्त झोंबलं.

मी उठले, डेकपाशी गेले आणि बटण दाबलं. वर आवाजही वाढवला. काकांची बोटं सवयीनं सुरू झाली, चारवर गेली, परत चारवर गेली, मग त्यांना त्या हाताचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. गाणं आपल्या चालीनं पुढे जात राहिलं. गिटार वर चढली, तिथं मी डोळे मिटून डोलायला लागले, आणि ते लपवलंही नाही.

गाणं संपल्यावर मी कॅसेट थांबवली. पुणेकर म्हणाला की त्याचा हौ रद्द, डेकला हात लावणारं माणूस इथं नको. काकांनी दाढी खाजवली आणि म्हणाले की त्यांचा हौ कायम आहे, का ते विचारू नका. म्हणजे एकाचा हौ, एकाचा नाही. उरला माझा भाऊ. ज्याला मला इथं आणायचीच लाज वाटत होती तो. पुणेकर त्याच्याकडे बघत होता, कारण त्याच्या हिशेबी दर रविवारी सगळ्यात अचूक मोजणारा तोच. मी सतरंजीकडे बघत होते. तो आता काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि इस्त्रीवरून केलेला सगळा हट्ट फुकट गेला म्हणून मला स्वतःचीच चीड येत होती.

भावाची मान खाली होती. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, बोटं उघडी.

"मोजायचंच विसरलो," तो म्हणाला. "परत लाव."

मी कॅसेट मागे फिरवली आणि त्याच्या शेजारी, सतरंजीवर बसले.