गुणमालाचा नेम आणि म्हशीचा उपास

घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून गुणमाला पाणी गाळत होती. घागर अर्धी झाली असेल-नसेल, तोच मळ्याकडून शेजारच्या राहीबाईची हाक आली, "आवं वैनी, तुमची म्हैस माज्या मक्यात शिरलीया!"

म्हैस सुटली याचं गुणमालाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ती मक्यात गेली याचं. तिनं जायचं होतं हत्तीगवतात.

हे हत्तीगवत म्हणजे गुणमालाचाच हट्ट. लढाईच्या दिवसांत सांगलीत पेंड मिळेनाशी झाली, तेव्हा तिचा भाऊ महावीर पुण्याकडून कांड्यांचं पोतं घेऊन आला होता. एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं, असं गवत. गुणमालानं नवऱ्याच्या, धन्यकुमारच्या, मागं लागून विहिरीच्या पाटाकडच्या चार सऱ्या मिळवल्या. "म्हशीनं खाल्लं तर ठिवीन, न्हाईतर तितं ऊस," असं त्यानं तेव्हाच बजावलं होतं. येणारे-जाणारे विचारायचे, "गवत आलं, हत्ती कवा आणताय?"

गवत कोवळं असतानाच कापायचं, एवढंच त्यातलं शहाणपण, आणि नेमकं तेवढंच गुणमालाला जमलं नाही. भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. पर्वात हिरवं खायचं नाही, तोडायचंही नाही, हा तिचा नेम. आधी कापून घेणारच होती. पण बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, पूजेची भांडी लखलखीत करण्यात, आणि ती आपणच केली हे चारजणींना सांगण्यात, राहून गेलं. गवत छातीला लागलं, मग डोक्याच्या वर गेलं. म्हशीपुढं गेल्या सालचा काळा पडलेला कडबा. दूध आटत चाललं. गड्याला कापायला सांगावं, तर बस्तीत नुकतंच ऐकलं होतं: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हींचं पाप सारखंच.

यात म्हशीचं नाव कुठं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी गुणमालानं दावं सोडलं नाही. गाठ मात्र अशी मारली, की म्हशीनं मान हलवली तरी सुटावी. वर णमोकार म्हटला आणि निर्मळ मनानं पाणी गाळायला बसली.

आता ती धावत मळ्यात पोचली. म्हशीनं हत्तीगवताचं एक पान ओढून, चघळून थुंकून दिलं होतं आणि बांध ओलांडून मक्यावर ताव मारला होता. राहीबाई कमरेवर हात देऊन उभी. धन्यकुमारही मोट सोडून आला होता.

"दावं सुटलं का सोडलं?" राहीबाईनं विचारलं.

"ढिलं व्हतं."

"कुणी ढिलं केलं?"

गुणमाला पदराशी चाळा करू लागली. राहीबाईला काय ते उमगलं. "म्हंजे कापायचं पाप म्हशीकडनं करवून घ्यायचं व्हतं व्हय? आन् माज्या मक्याची हिंसा कुनाच्या माथी?"

धन्यकुमार पोट धरून हसला. "नेम हिचा, उपास म्हशीचा, आन् पारणं तुमच्या मक्यावर!" मग सऱ्यांकडं बघून म्हणाला, "पर्व सरलं की समदी ठोंबं उपटतो. म्हशीनं निकाल दिला."

गुणमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. धर्मही बुडाला, गवतही चाललं, आणि दोन्ही आपल्याच शहाणपणानं.

राहीबाईनं मात्र हत्तीगवताचं एक ताट वाकवून पाहिलं. "उसावानी टणक झालंय. म्हस कशाला खाईल? पर डोळं चांगलं भरल्यात. बेणं झालंय ह्येचं. माज्या मक्याच्या बदली ह्या कांड्या द्या मला, बांधाला लावीन."

"आज देता यायचं न्हाई," गुणमाला घाबरून म्हणाली. "पर्व हाय."

"मग पुनवंला द्या! मी कुटं पळून चाललीया?"

धन्यकुमार जरा थबकला. जे उपटून फेकायचं ते शेजारीण मागून नेतेय, हे त्याला खटकलं असावं. "बरं. बुडख्यापासनं कापा. खोडव्याला म्हशीनं तोंड लावलं तर ऱ्हाऊ दे."

पुनवेला गुणमालानं स्वतः विळा चालवला. राहीबाई भारा घेऊन गेली. बुडख्यांतून कोवळे कोंब फुटले, आणि दसऱ्यानंतर गुणमालानं पहिली पेंढी गोठ्यात टाकली. धन्यकुमार दारात उभा. म्हैस जतकडची, कानडी मुलखातली, तिला मराठीचं अगत्य नव्हतं, म्हणून गुणमाला हळूच कानडीत म्हणाली, "तिन्नु गं, तिन्नु." खा गं, खा. म्हशीनं हुंगलं, एक पान ओढलं, मग मान वर न करता सगळी पेंढी संपवली.

"ऱ्हाऊ दे तुजं गवत," धन्यकुमार म्हणाला. "पर कापायचं कवा, ते तुजं तू बघ."

गुणमालानं पंचांग बघितलं. उद्या अष्टमी, म्हणजे हिरवं तोडायचं नाही. तिनं विळा घेतला आणि उद्याचा चारा आजच कापून आणायला ती मळ्याकडं निघाली.