ग्वेईलानच्या सह्या

ग्वेईलान माझ्याकडे भाड्याने राहायला आली तेव्हा तिच्याजवळ भाताचा कुकर, दोन रजया आणि एक कात्री होती. कात्री कारखान्यातली, चांगल्या पोलादाची. दूर वनचौ शहरात बुटांचं वरचं कातडं कापायच्या कामावर ती अकरा वर्षं होती. नवरा अजून तिथंच आहे. पोरगी जिंगयाओ गावाकडे आजीजवळ वाढली. ती नववीत गेली तेव्हा आजीनं फोन केला, "हिचं इंग्रजी माझ्याच्यानं व्हायचं नाही, तू ये." म्हणून ग्वेईलान आली.

माझं घर शाळेच्या मागच्या फाटकासमोर. चार खोल्या, त्यात चार आया आणि चार पोरी. मुलगेवाल्यांना मी खोली देत नाही, भिंतीवर चेंडू मारतात. या आयांना पोरीपलीकडे दुसरं काम नसतं. साडेपाचला उठायचं, तिला खाऊ घालून फाटकात सोडायचं, दुपारी पुन्हा खाऊ घालायचं, आणि असं जूनच्या परीक्षेपर्यंत चालवायचं. त्या परीक्षेत निम्मी पोरं वरच्या शाळेत जातात. उरलेली निम्मी कामधंद्याच्या शाळेत, आणि तिथून वर्ष भरायच्या आत 'सराव' म्हणून कारखान्यात. ग्वेईलानला कारखाना चांगला माहीत होता.

"ताई, माझं जे झालं ते झालं," ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "त्या बाकड्यावर हिला बसू द्यायची नाही मी."

जिंगयाओचं गणित बरं होतं. इंग्रजी मात्र एकशेवीसपैकी अठ्ठावन्न. सगळं घोडं तिथंच अडलेलं.

आमच्याकडे पोरं चुकांची वही ठेवतात. पेपरात जो प्रश्न चुकला तो कापून वहीत चिकटवायचा, खाली लाल शाईनं बरोबर उत्तर लिहायचं आणि दर रविवारी ती वही पहिल्यापासून वाचायची. ग्वेईलानला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कापणं येत होतं. दुपारी भांडी झाली की ती माझ्या ओट्याशी बसून पोरीच्या चुका कापायची. कडा अशा सरळ की पाहत राहावं. खालचं लाल उत्तर ती छापील उत्तरांच्या कागदावरून एकेक अक्षर बघून काढायची, जणू भरतकामाचा नमुना उतरवतेय. मार्चपर्यंत अशा तीन जाड वह्या भरल्या.

"एवढ्या चुका माझ्या सासूनंही कधी काढल्या नव्हत्या," शेजारच्या खोलीतली हौ वहिनी म्हणायची. तिची लेक वर्गात सहावी होती, तेव्हा तिला विनोद सुचायचे.

जिंगयाओ सकाळी पायरीवर बसून व्याकरणाचे नियम घोकायची. कधी मध्येच थांबून मला विचारायची, "मावशी, 'काल' म्हटल्यावर काल झालंच ना? मग क्रियापदानं पुन्हा कपडे कशाला बदलायचे?"

"मला काय विचारतेस बाई, तुझ्या तेंग सरांना विचार."

"सर म्हणतात, विचारू नकोस, पाठ कर."

तेंग सर त्यांचे वर्गशिक्षक आणि इंग्रजीचेही तेच. उतारा वाचायची त्यांची रीत साऱ्या शाळेत चालायची. आधी उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचे, त्यातला एक शब्द धरायचा, तो उताऱ्यात हुडकायचा, तेवढंच वाक्य बघायचं आणि उत्तर मारून पुढे जायचं. एका उताऱ्याला सात मिनिटं. ग्वेईलाननं त्यासाठी टेबलावर घड्याळ ठेवलं होतं. ते टिकटिकायला लागलं की जिंगयाओचे कान लाल व्हायचे आणि बोट ओळींवरून नुसतं पळत राहायचं. वाजलं की ती पेन्सिल खाली ठेवायची. मग ग्वेईलान उत्तरं ताडून पाहायची आणि कात्री उचलायची.

नव्या वर्षाचा सण झाला आणि माझी गल्लीकडची खोली रिकामी झाली. त्या बाई सकाळी रजया बांधत होत्या. "गावाकडे काम निघालं," म्हणाल्या. पंधरा दिवसांनी जिन्याखालची खोली गेली. वर्गात मार्कांप्रमाणे बसवतात, आणि शेवटच्या रांगेतली बाकं मोकळी पडत होती. तेंग सर एकेकाला बोलवत, अर्धा तास गोड बोलत, आणि आठवड्याभरात ते पोर दिसेनासं व्हायचं. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास, त्यावर शाळेचं नाव ठरतं. न बसलेल्यांचा हिशेब कुणी मागत नाही.

आमचा मुलूख नदीकाठचा, पुराची सवय. पोरी संध्याकाळी नळावर एकमेकींना विचारायच्या, "पाणी कुठवर आलं गं?"

"मागून तिसऱ्या रांगेपर्यंत."

"मग तू अजून कोरडीच की!"

आणि हसायच्या. जिंगयाओ मागून चौथ्या रांगेत बसायची. ती हसायची नाही, बादली उचलून आत यायची.

आता सह्यांचं सांगते. प्रत्येक पेपरावर, वहीवर, सूचनेवर पालकानं खाली 'वाचलं' असं लिहून सही करायची, असा शाळेचा नियम. आठवड्याला तीस-चाळीस सह्या होतात. ग्वेईलान त्या सकाळी करायची, एका हातानं बाजरीची पेज ढवळत. वेळ वाचावा म्हणून जिंगयाओ सगळे कागद एकावर एक असे सरकवून ठेवायची की प्रत्येकाची फक्त खालची पट्टी दिसावी. ग्वेईलानचा हात वरून खाली चालायचा. वाचलं, फान ग्वेईलान. वाचलं, फान ग्वेईलान. मी अक्रोड फोडत समोर बसलेली असायचे. अक्रोडानं डोकं चालतं, म्हणून सगळ्याच आया देतात.

मार्चअखेरीला एका सकाळी त्या पट्ट्यांमधली तिसरी वेगळी होती. 'आमची मुलगी स्वेच्छेने परीक्षेऐवजी कामधंद्याच्या शाळेत जाणे पसंत करते,' असं वर छापलेलं. मला ते पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की जिंगयाओ रोजच्यासारखी दप्तर भरत नव्हती. ती टेबलाच्या कडेला उभी राहून आईच्या हाताकडे बघत होती. हात पहिल्या पट्टीवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला. थांबला नाही.

"उभी काय राहिलीस? अंडं निवतंय," ग्वेईलान म्हणाली.

पोरीनं कागद गोळा केले आणि अंडं न खाता गेली.

त्या दिवसापासून तिचं घोकणं बंद झालं. दोन दिवसांनी तिनं टेबलावरच्या घड्याळाची बॅटरी काढली. ग्वेईलान ओरडणार, तेवढ्यात जिंगयाओनं उतारा समोर ओढला आणि वाचायला लागली. प्रश्नांकडे न बघता पहिल्या ओळीपासून. ओठ हलत होते. एके ठिकाणी थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं आणि स्वतःशीच किंचित हसली. उतारा संपायला अर्ध्या तासाच्या वर लागलं. मग तिनं प्रश्न वाचले आणि पाचही उत्तरं लिहिली.

ग्वेईलाननं ताडून पाहिलं. पाचही बरोबर.

दुसऱ्या दिवशी पाचातली चार, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. कात्री पडून राहायला लागली. जेवताना जिंगयाओ सांगायची, एका म्हाताऱ्यानं हरवलेल्या कुत्र्यासाठी रोज दार उघडं ठेवलं. कुठल्याशा बेटावर टपाल महिन्यातून एकदाच येतं. ग्वेईलान घास हातात धरून ऐकायची. पोरगी इंग्रजीतलं काही घरी सांगते आहे, हे तिला नवीन होतं.

"ताई, आता सुटलं बघ," ती मला म्हणाली. "इंग्रजीचं भूत उतरलं."

मला बरं वाटायला हवं होतं. पण पोरगी फाटकात शिरताना आता घाई करत नव्हती. आणि दप्तर हलकं दिसत होतं.

एप्रिलच्या मध्यावर ग्वेईलान फोन घेऊन माझ्याकडे आली. "ताई, हा बिघडला का बघा. वर्गातल्या पालकांच्या गटात चार दिवस एक निरोप नाही. आणि पोरगी म्हणते, हल्ली सह्या लागत नाहीत."

हौ वहिनी ओट्याशी मुळा किसत होती. "निरोप नाही? अगं, माझा फोन तर ठणाणा करतोय. काल एका दिवसात साठ आले, परीक्षेच्या खोल्या, पाण्याच्या बाटल्या..." ती बोलता बोलता थांबली. तिनं आपला फोन पुसून पुढं केला. गटातल्या पालकांची यादी आम्ही तिघींनी दोनदा पाहिली. त्यात ग्वेईलान नव्हती. तिला काढून टाकलं होतं.

हौ वहिनीनं मुळा उचलला आणि ती आत गेली. त्या दिवशी तिला विनोद सुचला नाही.

दुपारी जिंगयाओ आली तशी ग्वेईलाननं फोन तिच्यापुढे ठेवला. पोरगी गडबडली नाही.

"तू सही केलीस ना," ती म्हणाली.

"कसली सही?"

"तिसऱ्या नंबरचा कागद. सरांनी दिला होता, आईची सही आण म्हणाले. मला तुला सांगवेना. मागच्या वेळी मार्क बघून तू दोन दिवस जेवली नव्हतीस. म्हटलं, कागद ठेवते. आई वाचेल, वाचून फाडेल. तू सही केलीस."

"मी वाचला नाही गं!"

"'वाचलं' असं लिहिलंस."

ग्वेईलाननं फोन उचलून परत खाली ठेवला. पोरगी म्हणाली, "मला वाटलं, तुलाही तसंच वाटतं. माझ्याच्यानं व्हायचं नाही असं."

तेंग सर लहानपणी माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होते, म्हणून मायलेकींबरोबर मीही गेले. शिक्षकांच्या खोलीत ते चहाचा डबा उघडत होते. ग्वेईलाननं सगळं सांगितलं, रडली नाही. सरांनी खणातून कागद काढून टेबलावर सरळ ठेवला.

"अक्षर तुमचंच ना, वहिनी?"

"माझंच. पण सर, ती सुधारलीये. घरी पाचातली पाच येतात. मी स्वतः तपासते."

"घरी सगळ्यांनाच येतात." मग माझ्याकडे बघून ते जरा नरमले. "ताई आल्यात म्हणून. यादी उद्या सकाळी तालुक्याला जाते. तास सुरू व्हायला आठ मिनिटं आहेत. हा एक उतारा, पाच प्रश्न. चार बरोबर आले तर मी तिचं नाव परत परीक्षेत घालतो. शब्द देतो."

सात मिनिटांचं काम, आणि सर एक मिनिट जास्त देत होते. ग्वेईलाननं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "बस बाळा. घरी करतेस तसं कर."

घरी घड्याळ बंद होतं, हे आईच्या ध्यानातच आलं नाही.

जिंगयाओ बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, ग्वेईलान पोरीच्या चेहऱ्याकडे. दोन मिनिटं गेली, बोट दुसऱ्या परिच्छेदावर. सरांनी चहात पाणी ओतलं. चार मिनिटं. एके ठिकाणी पोरगी थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं. प्रश्न बघ गं, आधी प्रश्न बघ, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण सर समोर होते आणि पोरीचा चेहरा इतका शांत होता की माझं तोंड उघडलं नाही. साडेपाच मिनिटांनी तिनं मान उचलून घड्याळ पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. शेवटचा परिच्छेद तसाच सोडून तिनं पान उलटलं, प्रश्न वाचले, लिहायला लागली. पहिलं. दुसरं. तिसरं.

घंटा झाली.

सरांनी कागद ओढून घेतला आणि लाल पेनानं भराभर खुणा केल्या. तीन बरोबर. दोन कोरे.

"एकही चुकलं नाही सर," ग्वेईलान म्हणाली. "बघा ना, एकही चुकलेलं नाही."

"नाही, चुकलेलं नाही," सर म्हणाले. ते मुद्दाम वाईट वागत नव्हते, त्यांना पुढच्या वर्गावर जायचं होतं. "सोमवारी कामधंद्याच्या शाळेची बस येईल, वहिनी. पांघरूण तेवढं द्या तिच्याबरोबर, तिकडे मिळत नाही."

बाहेर पोरांचे पाय जिन्यावर धडधडत होते. ग्वेईलान टेबलाची कड धरून उभीच होती. जिंगयाओ उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि सरांना म्हणाली, "सर, शेवटचा परिच्छेद राहिला. नुसता वाचू का?"

सरांनी कागद खणात टाकला होता. ते किल्ली फिरवत होते.