न उघडणारी खिडकी

मेट्रो आली तेव्हा एका लेकाने आपल्या आईला आत चढवलं आणि तो फलाटावरच थांबला. त्याला कामावर उलट दिशेला जायचं होतं. त्या मावशी गावाकडून नुकत्याच आलेल्या दिसत होत्या. जागा रिकामी असूनही त्या बसल्या नाहीत. थेट खिडकीशी गेल्या आणि काचेच्या कडेकडेने कडी चाचपू लागल्या.

"मावशी, या खिडक्या उघडत नाहीत," मी म्हणाले.

"अगं बाई! मग निघताना हात कुठून द्यायचा?"

मला हसू आलं नाही. या शहरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मीही अशीच कडी शोधली होती, आणि मला तर सोडायलाही कुणी आलं नव्हतं.

आमच्या गावच्या एसटीची खिडकी खडखडायची, धूळ आत घ्यायची. पण तिच्यातून आईचा हात आत यायचा. टाचा उंचावून ती आधी पेरूंची पिशवी द्यायची, मग उगाचच माझी ओढणी सारखी करायची. गाडी सुरू झाली तरी तिचं बोलणं संपायचं नाही, आणि गाडी हलली की तीही दोन पावलं सोबत चालायची.

मेट्रो आवाज न करता सुटली. मावशींनी काचेला तळहात टेकवला. बाहेर लेकानेही हात उचलला, पण तोवर फलाट मागे सरकला होता.

दोन स्टेशनांनंतर मावशी उतरून गेल्या. काचेवर त्यांच्या हाताचा ठसा तसाच होता. इकडेतिकडे बघून मी त्यावर हळूच माझा हात ठेवला.

काच गार होती.