पावडरच्या पाण्याची परीक्षा
नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आला की आजही माझं बूड एका जागी टेकत नाही. पाचोऱ्याकडच्या आमच्या गावात हगवण पसरली, तेव्हा डॉक्टरीणबाई शिकाऊ नर्सांना घेऊन माझ्या विहिरीवर आल्या. त्यांना म्हणाल्या, "लेखी पेपर नाही. पावडर टाका; हे विहिरीवाले आबा पाणी प्याले तरच तुम्ही पास." मी ठणकावलं, "मन्ही विहीर शे, पावडरनं पाणी मी नही पिणार!" एका पोरीनं पावडर कालवून विहिरीत सोडली, अर्धा तास थांबली, स्वतः प्याली आणि भरला पेला धरून उभीच राहिली. मी विहिरीभोवती नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. घरात नातू हगवणीनं खाटेवर निपचित पडलेला. शेवटी पेला हिसकावून घेतला आणि दोन घोट प्यालो. "तुन्हासाठे नही पोरी, घसा कोरडा पडना, माले तीस लागनी व्हती." ती हसली, "चालेल आबा, मी पास तर झाले!" उरलेलं पाणी नातवाला नेऊन पाजलं. आज तोच नातू त्या वासाला नाक मुरडतो, तेव्हा मी उठतो आणि त्याच्यासमोर अख्खा तांब्या घटाघटा पितो.