मोठं खोकं, लहान खोकं

मोताळ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा तो माणूस इतका हळू बोले, की गिऱ्हाइकाला त्याच्या टेबलावर वाकावंच लागे. दिवसभर लग्नाचे कर्णे तपासायचे आणि स्वतः मात्र कुजबुजायचं! मला त्याचा रागच येई.

बाबांना रेडिओवरच्या बातम्या कळेनाशा झाल्या. त्यांचे कान गेले, या धास्तीनं मी बैठकीच्या खोलीसाठी त्याच्याकडचा सगळ्यात मोठा स्पीकर मागितला.

"आधी घर पाह्यतो," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सायकलला स्पीकरचं एक मोठं आणि एक लहान खोकं बांधून तो आला. बैठकीत त्यानं एक टाळी वाजवली, कोनाड्यातल्या रेडिओकडे पाहून मान हलवली. मग पाठमोऱ्या बसलेल्या बाबांच्या मागे चार हात अंतरावर उभा राहून नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "काका, तुमचा पोरगा तुमाले बहिरे म्हणते."

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. "बहिरा तोच हाये! कोनाड्यात रेडिओ घुमते, हे त्याले महिन्यापासून सांगून राह्यलो!"

लहान खोकं कोनाड्याबाहेर, पुस्तकांच्या फळीवर बसलं. मोठं मी हसत हसत त्याच्या सायकलला परत बांधलं.