पाद्रीसाहेबांची राखीव जागा

मी चौथी शिकलेला माणूस. कळव्याच्या कारखान्यात फिटर होतो. तुम्हाला पत्रातलं काही कळत नाही, असं आमच्या मंडळीचे सेक्रेटरी मला भर सभेत म्हणाले. मराठीत मोठ्यानं वाचलेलं पत्र कळायचं नाही, एवढा मी बहिरा नाही.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, कल्याणातली, जुनी. इंग्रजांच्या काळात स्कॉटलंडच्या एका पाद्र्यानं उभी केलेली. जे व्हायचं ते देवानं जग करायच्या आधीच नेमून ठेवलंय, ही त्याची शिकवण, आणि आम्हाला अजून तीच. त्याची मडम इथं तापानं गेली. दफनभूमीच्या कोपऱ्यात तिची कबर आहे, भोवती लोखंडी कठडा. कठड्याच्या आत दोघांची जागा. एकीवर दगड, दुसरी सपाट. सपाट जागेत पाद्रीसाहेब, असं आम्ही सगळे धरून चाललेलो. साधा माणूस, दगड नको म्हणाला असेल, असं म्हातारे सांगायचे.

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही दफनभूमीत करतो. त्याआधी झाडलोट करून कबरींना, कठड्यांना चुना लावायचा. त्या कोपऱ्याचं काम माझ्या बायकोकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडेच. पदर खोचून बसायची आणि ब्रश मारता मारता त्या सपाट जागेशी बोलायची. "पाद्रीसाहेब, पाय आवरा, चुना उडतोय." बाकीच्या बायका हसायच्या. गुडघे गेले तरी पाटावर बसून करायची. मी म्हणायचो, "अगं, दे ना आता दुसऱ्या कुणाला." तर म्हणे, "अहो, त्यांना इथं आपल्याशिवाय आहे कोण?"

ती गेली. तिला मागच्या रांगेत ठेवली. आणि यंदा मंडळीच्या पंचांनी बोर्डावर कागद लावला, की मागची रांग पुन्हा वापरायला घेणार. म्हणजे कबर उघडायची, आतली हाडं खाली सारायची, वर दुसऱ्याची पेटी. शीळफाट्यापर्यंत बिल्डिंगी झाल्या, माणसं वाढली, जमीन तेवढीच. मला समजतं सगळं. पण मी रोज संध्याकाळी जिच्या उशाशी बसतो तिच्यावर उद्या कुणी परका येऊन पडणार, हे समजून काय करू?

त्याच सुमारास ते पत्र आलं. तिकडे स्कॉटलंडात असले जुने कागद कपाटात जपून ठेवतात म्हणे, थंड खोलीत. सेक्रेटरींनी तिथून फोटो मागवला. आमच्या तरुण पाळकांनी, म्हणजे आताच्या पाद्र्यांनी, त्याचं मराठी करून उपासनेत वाचलं. पाद्र्याच्या मागून जो दुसरा पाद्री इथं आला त्याला लिहिलेलं पत्र. आणि लिहिलेलं कुठून, तर त्याच्या गावच्या घरून. हा बाबा इथं मेलेलाच नव्हता. मडमेशेजारी स्वतःसाठी जागा मोजून ठेवली, मग गावी गेला आणि दुसरं लग्न केलं. आता बोटीचा प्रवास झेपायचा नाही, तिच्याशेजारी निजणं प्रभूनं माझ्यासाठी नेमलं नव्हतं, त्यात मी समाधान मानतो, असं लिहितो.

समाधान मानतो. ती मडम आमच्या मातीत एकटी टाकून हा समाधान मानतो. आणि माझी बायको जन्मभर रिकाम्या जमिनीला चुना लावत होती, तिथं नसलेल्या माणसाला पाय आवरायला सांगत होती. माझं डोकं सटकलं. वर सेक्रेटरी उभे राहून म्हणतात, हे पत्र म्हणजे दुःखितांना केवढा धीर आहे. म्हणताना बघतात माझ्याकडे.

उपासनेनंतर सभा होती. मी उभा राहिलो.

"ती जागा माझ्या बायकोला द्या. मागची रांग उघडाल तेव्हा तिला तिथं न्या."

"काका, ती राखीव आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कुणासाठी?"

"पाद्रीसाहेबांसाठी."

"येतायत का ते?"

"तसं नव्हे हो. ती आता ऐतिहासिक झाली. तिथं संगमरवर बसवायचाय, पत्रातलं वाक्य कोरून."

"कुठलं वाक्य? दुसरी केली ते?"

बायकांच्या बाजूनं कुणीतरी तोंडावर पदर धरला. पाळक हळूच म्हणाले, "काका, दुःख सगळ्यांनाच आहे. पण देवानं जे नेमलं—"

"मग त्यांचं न येणं पण नेमलेलंच की, पाळकसाहेब. जागा रिकामी राहिली ती पण नेमलेलीच. कुणासाठी राहिली, ते पण पत्रात लिहून पाहिजे का तुम्हाला?"

तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला पत्रातलं कळत नाही.

शेवटी ठरलं काय? तर स्कॉटलंडच्या त्या कागद ठेवणाऱ्यांना ईमेल करून परवानगी विचारायची. माझ्या बायकोला कल्याणच्या मातीत कुठं झोपवायचं, हे समुद्रापलीकडचा कपाटवाला सांगणार. मी म्हटलं, तोपर्यंत मागच्या रांगेला हात लावलात तर मी तिथं आडवा पडेन. आणि मी पडणार.

पत्रात शेवटी मडमेबद्दल एक ओळ होती. पाळकांनी ती घाईत वाचली. "तिच्या डोक्याशी मी लावलेलं बकुळीचं झाड जगलं का, कळवा." तेवढी एक ओळ ऐकून मला त्या माणसाचा राग धरता येईना, म्हणून त्याचाही राग आला. तिथं झाडबिड काही नाही. कुणी त्याला कळवलं असेल का, देव जाणे.

ईमेलचं उत्तर आलेलं नाही. ईस्टर आला. मी पाट घेतला, बायकोचाच ब्रश घेतला, बादलीत चुना कालवला आणि गेलो. मडमेचा दगड घासला, तिच्या बाजूच्या कठड्याला चुना लावला. दुसरी बाजू कोरडी ठेवली, गंज दिसेल अशी.

सेक्रेटरी आले बघायला. "काका, अर्धंच केलंत?"

"राहिलेलं ती इथं आल्यावर करीन," मी म्हटलं आणि बादली उचलली.