हातभर चुकलेला उजेड

"झरोका उघडा हाय ना गा?" खाटेला खिळलेल्या सुकलालमामानं मला शेवटचं विचारलं ते एवढंच. मी म्हणालो, "हो मामा, उघडाच आहे." साफ खोटं बोललो. सप्ताहाचा भलामोठा फ्लेक्स मंदिराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावून तो झरोका आम्हीच झाकला होता, आणि समितीचा सचिव म्हणून त्यावर माझाही हसरा फोटो होता. चार दिवसांनी मामा गेला... त्याला आता दीड महिना होईल.

मामा आमच्या चिचगडकडचा मिस्त्री. नात्यानं माझा कुणी नाही, पण अख्ख्या गावाचा मामा. मंदिर नव्यानं बांधताना त्यानं रस्त्याकडच्या, पूर्वेच्या भिंतीत उंचावर वीतभर झरोका ठेवला. त्यासाठी वर्षभर, रोवणी असो की कापणी, सकाळी अर्धवट भिंतींत उभा राहून ऊन कुठं पोचतं ते कोळशानं आखत होता. मला वाटलं, आता आरतीच्या वेळी देवाच्या मुखावर ऊन पडणार. पडलं ते हातभर अलीकडे, गाभाऱ्याच्या पायरीवर. पायरीही नको तेवढी लांब केलेली. गाव हसलं. "मामा, नेम हुकला तुझा," मी म्हणायचो. "हुकला त हुकला बापा, देव का रुसून रायला?" म्हणत तो तंबाखू मळायचा. वर्षानुवर्षं चिडवलं मी त्याला, आज लाज वाटते.

तेरवी झाली तरी ते खोटं मनाला खात होतं. एका सकाळी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. आत आलो तर मामी, मामाची बायको, पायरीवर बसून देवासाठी वाती वळत होती. तिला कित्येक वर्षांपासून नीट दिसत नाही. ऊन नेमकं तिच्या हातातल्या कापसावर आलं होतं.

"मामी, हा झरोका..."

"माह्यासाठीच ठेवला होता तुया मामानं. वाती दिसल्या पायजे मनून."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "मामी, झरोका उघडा आहे म्हणून मी मामाशी खोटं बोललो."

"त्याले ठावं होतं. मीच सांगतलं होतं, अंधारात वळून रायली मनून."

"मग मला विचारलं कशाला?"

"तू सोताहून काढशील मनून," ती म्हणाली आणि पुढची वात घेतली.

मला रडू आवरेना. ती वाती वळतच राहिली. थोड्या वेळानं ऊन पायरीवरून सरकू लागलं, तशी मामीही बसल्याबसल्या त्याच्यासोबत सरकत गेली. पायरी एवढी लांब का केली होती, ते मला तेव्हा कळलं.